जुन्या थिंकपॅडचे हरवलेले स्क्रू, रबरी पाय आणि एक की: शोधायचे कुठे, बसवायचे कसे?

प्रश्न: मुलीच्या कॉलेजसाठी ओळखीतून लेनोवोचा जुना थिंकपॅड एक्स२२० घेतला. लॅपटॉप चालतो छान, पण तळाचे तीन स्क्रू नाहीत, दोन रबरी पाय गळून पडलेत, हार्डडिस्कच्या कप्प्याचं झाकण नाही आणि डिस्क आत खुळखुळते. 'आर' अक्षराची की निघून गेली आहे. डाव्या बाजूची एक रुंद खाच उघडी आहे, तिथून धूळ जाते. दुकानदार म्हणतात, 'मॉडेल बंद झालं, आता पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या.' एवढ्याशा वस्तूंसाठी चालता लॅपटॉप काढून टाकायचा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: अजिबात नाही. तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही वस्तू अशी नाही, जिच्यावाचून हा लॅपटॉप टाकावा लागेल. मात्र एक काम आजच करा. कप्प्याचं झाकण बसेपर्यंत लॅपटॉप चालू असताना उचलू नका, पिशवीत घालून कॉलेजला नेऊ नका, आणि मुलीच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. खुळखुळणारी डिस्क हीच यातली एकमेव तातडीची बाब आहे. बाकीच्या गोष्टींना महिना लागला तरी बिघडत नाही.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. एक्स२२० हे २०११ चं मॉडेल, त्यामुळे कंपनीकडून नवे कोरे सुटे भाग मिळण्याची आशा फारशी धरू नये. पण हे मॉडेल घराघरांपेक्षा कार्यालयांत जास्त गेलं. कार्यालयं लॅपटॉप एकगठ्ठा घेतात आणि एकगठ्ठाच बाहेर काढतात, म्हणून याचे मदरबोर्ड गेलेले, स्क्रीन फुटलेले सांगाडे बाजारात अजून फिरतात. शिवाय यातले बरेच भाग शेजारच्या मॉडेलांनाही चालतात. दुकानदार फक्त 'एक्स२२०' या नावाने शोधतो आणि हात वर करतो. शोधायचं असतं ते भागाच्या नंबराने.

तो नंबर मिळवण्यासाठी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा आणि उलटा करा. लेबलवर 'टाइप' या शब्दापुढे चार आकडे दिसतील. एक्स२२० मध्ये ते बहुधा ४२८६, ४२८७, ४२९० किंवा ४२९१ असतात. लेबलचा स्वच्छ फोटो काढा. मग लेनोवोच्या सपोर्टच्या पानावरून या मॉडेलचं 'हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल' उतरवून घ्या. ते फुकट आहे आणि पीडीएफमध्ये आहे. वापरकर्त्यासाठीची छोटी पुस्तिका ती ही नव्हे. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी लिहिलेलं जाडजूड मॅन्युअल हवं. त्यात कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, कोणत्या छिद्रात कोणत्या मापाचा स्क्रू जातो, हे चित्रांसह दिलेलं असतं. शेवटच्या भागात लॅपटॉप सुटा करून दाखवलेलं मोठं चित्र आणि त्यासोबत तक्ता असतो. तक्त्यातला 'एफआरयू' हा सात अक्षर-आकड्यांचा क्रमांक म्हणजे त्या भागाचं खरं नाव.

इथे बहुतेकांची गाडी अडते. तक्त्यात 'रबरी पाय' किंवा 'एक स्क्रू' अशी स्वतंत्र ओळ सापडत नाही आणि लोक पीडीएफ बंद करतात. छोट्या वस्तू सुट्या विकायच्या नसतातच. त्या संचात असतात: स्क्रूंचा संच वेगळा आणि पाय, झाकणं, टोप्या अशा वस्तूंचा 'मिसलेनियस पार्ट्स' नावाचा संच वेगळा. तेव्हा तक्त्याच्या शेवटाकडची ती पानं नीट वाचा. एकाच भागाला दोन-तीन एफआरयू क्रमांक दिसले तर गोंधळू नका. दोन कारखान्यांनी बनवलेला तोच भाग असू शकतो. सगळे क्रमांक लिहून घ्या आणि शोधताना एकेक टाकून बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: डेलच्या लॅपटॉपवर सात अक्षरांचा 'सर्व्हिस टॅग' असतो, त्यावरून मॅन्युअल मिळतं, आणि भागांच्या स्टिकरवर 'डीपी/एन' या अक्षरांपुढे भागाचा क्रमांक असतो. एचपीचं 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड' असंच फुकट मिळतं आणि त्यात सहा अक्षर-आकडे, मधे रेघ, पुढे तीन आकडे अशा घडणीचे सुट्या भागांचे क्रमांक असतात.

आता स्क्रू. सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच, आणि चुकीची बसवली तर सगळ्यांत जास्त नुकसान करणारीही हीच. म्हणून इथे घाई नको.

लॅपटॉपच्या तळाला लागणारे स्क्रू मुख्यतः दोन जाडीचे असतात, एम२ आणि एम२.५. म्हणजे आट्यांवरून मोजलेला व्यास साधारण २ किंवा २.५ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आट्यांतलं अंतर वेगळं असतं: एम२ चं ०.४ मिमी, एम२.५ चं ०.४५ मिमी. एम२.५ च्या छिद्रात एम२ घातला तर तो नुसता गरागरा फिरतो. उलट केलं तर तो दोन फेऱ्यांत अडकतो, आणि जोर लावला की छिद्रातले आटे कापले जातात. लॅपटॉपमधल्या हार्डडिस्कच्या अंगावरची छिद्रं एम३ ची असतात, तेव्हा डेस्कटॉप दुरुस्तीच्या डब्यातले डिस्कचे स्क्रू तळाला लावू नका.

थिंकपॅडच्या तळाला छिद्रांशेजारी बारीक चित्रं कोरलेली असतात. कीबोर्डचं चित्र असलेल्या छिद्रातला स्क्रू कीबोर्ड धरतो, मेमरीच्या चिपचं चित्र असेल तर मेमरीचं झाकण. तुमचे तीन स्क्रू कोणत्या छिद्रांतले गेलेत ते आधी बघा. त्याच चित्राशेजारचा एखादा स्क्रू शिल्लक असेल तर तो काढून नमुना म्हणून वापरा, पण मॅन्युअलमध्ये त्या छिद्रासाठी तेच माप दिलंय ना, हे ताडून घ्या. आधीच्या मालकाने किंवा कारागिराने नमुन्याचा स्क्रूच चुकीच्या जागी लावलेला असू शकतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास आढळतं.

लांबी मोजताना डोकं धरायचं नाही. डोक्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत मोजायचं. अपवाद फक्त खाली निमुळतं होत जाऊन झाकणात बुडणाऱ्या डोक्याचा. तिथे डोक्यासकट पूर्ण लांबी धरतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) असेल तर उत्तम. नसेल तर पट्टीवर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचता येतं. नमुना मुळीच नसेल आणि मॅन्युअलमधूनही उलगडा होत नसेल, तर झाकण जागेवर ठेवून छिद्रात टूथपिक हलक्या हाताने टेकेपर्यंत घाला, कडेशी खूण करा आणि ती खोली मोजा. स्क्रू त्यापेक्षा किमान अर्धा मिलिमीटर आखूडच हवा.

लांबीचा एवढा बाऊ कशासाठी? कारण लांब स्क्रू पलीकडे निघतो. तळाच्या छिद्रातून गेलेला स्क्रू कधी कीबोर्डच्या पत्र्याला खालून टोचतो आणि वरची एखादी की दबत नाही. कधी मदरबोर्डवर टेकून बोर्डातली तांब्याची बारीक रेघ कापतो, आणि चालता लॅपटॉप चालूच होत नाही. आखूड स्क्रू इतकं नुकसान करत नाही, पण तो दीड-दोन आट्यांवरच लटकतो आणि काही दिवसांत आट्यांसकट बाहेर येतो.

घट्ट करायची पद्धतही ठरलेली आहे. स्क्रू छिद्रावर ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने हळूच फिरवा. 'टिक' असा बारीक धक्का जाणवला की आटे समोरासमोर आले असं समजा, मग सुलटा फिरवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या चिमटीतल्या जोराने झाल्या पाहिजेत. जड जातंय असं वाटलं तर थांबा. तो स्क्रू त्या छिद्राचा नाही. डोकं प्लॅस्टिकला टेकल्यावर किती पिळायचं, हेही थिंकपॅडच्या मॅन्युअलमध्ये आहे: प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक असेल तर टेकल्यानंतर पाव फेरा, सर्किट बोर्ड प्लॅस्टिकवर बसवत असाल तर अर्धा फेरा. बस, त्यापुढे मनगटाला काम देऊ नका. स्क्रूड्रायव्हर अधिक चिन्हासारख्या टोकाचा, पीएच० किंवा पीएच०० या मापांपैकी जो खाचेत डुगडुगत नाही तो वापरा.

या स्क्रूंच्या आट्यांवर नायलॉनचा पातळ थर असतो, तो स्क्रू आपोआप सैल होऊ देत नाही. मॅन्युअल सांगतं की असा स्क्रू एकदाच वापरावा. घरगुती वापरात तोच स्क्रू दोन-तीनदा लावला तरी चालतो, असं आमचं मत. थर पूर्ण झिजला की मात्र बदला. त्याऐवजी आट्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) किंवा नेलपॉलिश लावायचा सल्ला मिळाला तर प्लॅस्टिकच्या भागापुरता तो मानू नका. त्यातल्या रसायनाने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि काही आठवड्यांनी छिद्राभोवतीचा तुकडाच निघून येतो. फेविक्विक तर नकोच: पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही आणि वाफेने आजूबाजूला पांढरे डाग पडतील.

आणि छिद्रातली पितळी नळीच प्लॅस्टिकमधून उपटून आली असेल तर? नळी आणि भोक दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नळीच्या बाहेरच्या अंगाला दोन भागांचं अराल्डाइट अगदी थोडं लावा, आत स्क्रूला व्हॅसलीनचा हात फिरवून तो नळीत अडकवा म्हणजे आटे बुजणार नाहीत, आणि नळी जागेवर सरळ बसवून रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी स्क्रू फिरवून काढा.

हार्डडिस्कच्या कप्प्यासाठी तुम्हाला दोन वस्तू हव्यात: झाकण आणि डिस्कच्या दोन्ही कडांना चढवायच्या रबरी पट्ट्या. लोक झाकण तेवढं घेतात आणि पट्ट्या विसरतात. मग डिस्क झाकणाआड खुळखुळतच राहते. फिरत्या तबकड्यांची डिस्क असेल तर त्या धक्क्यांनी ती खराब होते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर ती स्वतः टिकते, पण तिचा कनेक्टर सैल होऊन लॅपटॉप मधेच गोठतो किंवा डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. दिलासा असा की हे झाकण आणि पट्ट्या एक्स२२० आणि एक्स२३० दोन्हींना चालतात, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा. झाकणासोबत त्याचा स्क्रू मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. या कप्प्यात ७ मिमी जाडीची डिस्क बसते; ९.५ मिमीची जुनी डिस्क कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. काही एसएसडीसोबत प्लॅस्टिकची एक चौकट येते, ती ७ ची जाडी ९.५ करण्यासाठी असते. तुमच्या मॉडेलमध्ये ती लावायची नाही. पट्ट्या येईपर्यंत डिस्क हलू नये म्हणून कडेला दाट फोमचा पातळ तुकडा सारला तर चालेल. चांदीसारखा चमकणारा फोम किंवा फॉइल मात्र आत जाऊ देऊ नका, शॉर्ट होईल.

रबरी पाय मूळचेच हवेत असा हट्ट नको. त्यांचं काम दोन प्रकारचं: लॅपटॉप घसरू न देणं आणि तळाखाली हवेला वाट ठेवणं. म्हणून उंची महत्त्वाची. शिल्लक असलेल्या पायाची उंची आणि व्यास मोजा आणि मागे चिकटपट्टी असलेले तेवढ्याच उंचीचे पॉलियुरेथेनचे पाय घ्या. थ्रीएमचे 'बम्पॉन' या नावाने मिळतात, फर्निचरच्या हार्डवेअरच्या दुकानातही असे पाय असतात. जुना पाय झिजून बसका झालेला असेल तर सगळे पाय एकदमच बदला, नाहीतर टाइप करताना लॅपटॉप डुगडुगेल. नवा पाय दोन दिवसांत निघून येतो याचं कारण बहुतेक वेळा जागा नीट साफ न करणं हे असतं. जुना डिंक आधी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळतं. पाय लावून अर्धा मिनिट दाबून धरा आणि एक दिवस लॅपटॉप उलटाच ठेवा. हवेच्या जाळीवर किंवा स्क्रूवर पाय येत नाही ना, हेही बघा.

'आर' ची की जरा नाजूक प्रकरण आहे, पण तुमच्या मॉडेलचं नशीब इथे चांगलं आहे. एक्स२२० चा सात ओळींचा कीबोर्ड टी४१०, टी४२०, टी५१०, टी५२० आणि डब्ल्यू५२० यांनाही लागतो, म्हणजे या कोणत्याही मॉडेलच्या खराब कीबोर्डातून तुम्हाला की मिळू शकते. एक्स२३० आणि टी४३० यांचा सहा ओळींचा कीबोर्ड मात्र वेगळा. त्याची की बसणार नाही.

अडचण एकच. हे कीबोर्ड वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवले, आणि बाहेरून की सारखी दिसली तरी तिच्याखालची कात्रीसारखी दुहेरी क्लिप प्रत्येकाची निराळी. एकाची की दुसऱ्याच्या क्लिपवर बसत नाही. जोर लावला तर क्लिपचे कान तुटतात. म्हणून आधी तुमच्या कीबोर्डाच्या मागचं स्टिकर वाचा. त्यावर एफआरयू क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव असतं. ते बघायला कीबोर्ड उचलावा लागतो. मॅन्युअलमधल्या क्रमाने खालचे कीबोर्डाच्या चित्राचे स्क्रू काढून तो सुटतो. उचलताना ओढू नका, खाली चपटी केबल बोर्डाला जोडलेली असते.

एवढं करायचं नसेल तर 'आर' च्या जागेचा जवळून फोटो काढा: मधलं रबर, क्लिप शिल्लक असेल तर क्लिप, आणि तळपत्र्यावरचे धातूचे बारीक आकडे, म्हणजे हुक. हा फोटो विकणाऱ्याच्या मालाशी ताडून बघा. आमच्या मते सुटी की मागवण्यापेक्षा 'काही कीज चालत नाहीत' म्हणून काढलेला अख्खा कीबोर्ड घेणं शहाणपणाचं. त्यातून की, क्लिप आणि रबर तिन्ही मिळतात आणि पुढच्या दोन-चार कीजचीही सोय होते. बसवताना आधी क्लिप तळपत्र्याच्या आकड्यांत अडकवा, ती वर-खाली मोकळी हलते ना बघा, मग की वर ठेवून एका कडेने अडकवून दुसरी कडा बोटाने दाबा. आकडा वाकला असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ होतो. तुटला असेल तर कीबोर्डच बदलायला हवा. तोवर उघड्या रबरावर टाइप करू नका. ते फाटलं तर साधी दुरुस्तीही हातची जाते.

डावीकडची रुंद खाच एक्सप्रेसकार्डची, म्हणजे जादा सोयींची कार्डं बसवायची. तिच्यासाठी मूळचं प्लॅस्टिकचं डमी कार्ड असतं, सांगाड्यासोबत ते फुकटही मिळतं. नाहीच मिळालं तर थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून करून घ्या. त्याला पीएलए या प्लॅस्टिकऐवजी पीईटीजी या प्लॅस्टिकमध्ये करायला सांगा, कारण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. कप्प्याच्या झाकणासाठीही हा मार्ग आहे, पण झाकणाचे पातळ कान प्रिंटच्या थरांवरून तुटतात. तिथे मूळचं झाकणच बरं.

खरेदीसाठी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे जुने बाजार. पण बार्शीहून थेट तिकडे जाऊ नका. आधी सोलापुरात जुने लॅपटॉप घेणाऱ्या-विकणाऱ्या दुकानांत 'एक्स२२० किंवा एक्स२३० चा डेड पीस (बंद पडलेला लॅपटॉप) आहे का' असं विचारा. सुटा भाग असं म्हटलं की नाही म्हणतात, डेड पीस म्हटलं की कोपऱ्यातून काढून दाखवतात. दोन्ही मॉडेलांच्या सांगाड्यात झाकण, पट्ट्या आणि पाय मिळतील. एक्स२२० चाच असेल तर कीबोर्डही. स्क्रू कोणत्या छिद्रातून निघाला ते कागदावर लॅपटॉपचा तळ काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावत घरी आणा. परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवायचं असेल तर टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअरचं शुल्क आधी धरा. वीस रुपयांच्या रबराला ते परवडत नाही.

ऑनलाइन घेताना 'वीस मॉडेलांना चालेल' अशी यादी लिहिलेल्या मालापासून जपून राहा. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: भागावरच्या एफआरयू स्टिकरचा फोटो, मागची बाजू दिसेल असा दुसरा फोटो, आणि बसलं नाही तर परत घेणार का. कंपनीच्या चकचकीत चित्राऐवजी त्या भागाचाच फोटो पाठवतो तो विक्रेता बरा. कीबोर्ड आला की बसवण्याआधी त्याची 'आर' ची की काढून तुमच्या क्लिपशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.